दिव्याचा घसारा

आमचे सिद्धेश्वर हे धरणाचे गाव. औंढा नागनाथ तालुक्यात, पूर्णा नदीच्या काठी. वरच्या अंगाला जिंतूर तालुक्यात येलदरीचे मोठे धरण आणि त्याच्या खाली आमचे सिद्धेश्वर. येलदरीच्या पायथ्याशी वीज तयार करणारे साडेसात मेगावॅटचे तीन संच आहेत. पाणी त्यांची पाती फिरवून वीज करते, मग खाली आमच्या जलाशयात येऊन थांबते आणि इथून कालव्याने वसमत, परभणी, नांदेडकडच्या शेतांना जाते. दोन्ही धरणे १९६० च्या दशकातली. तेव्हा आमचा जन्म झालेला नव्हता, आणि हिंगोली जिल्हाही नव्हता. तो १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला.

आता 'हरित ऊर्जा' हा शब्द महिलांच्या बचत गटातही ऐकू येतो. तो ऐकला की आम्हाला थोडे हसू येते. पाण्यावरची वीज हीसुद्धा हरितच की! ती आमच्या उशापाशी इतकी वर्षे तयार होत आली, आणि तरी आमचे बालपण रेशनच्या रॉकेलवर, चिमणीच्या काजळीत गेले. तारा वस्तीच्या डोक्यावरून गेल्या. वस्तीत खांब मात्र उशिरा आला. त्यानंतर घराघरांत मीटर यायला आणखी काही वर्षे गेली. चिमणीपुढे बसून अभ्यास केला की सकाळी नाक पुसताना रुमाल काळा व्हायचा, हे आमच्या वयाच्या प्रत्येकाला आठवत असेल.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते, हे आपल्या घराघरांत माहीत आहे. पण त्याच खात्याकडे पाटबंधारे आणि वीजही होती, हे किती जणांना ठाऊक आहे? दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणी त्या काळातली. वीज स्वस्त असावी, मुबलक असावी आणि ती कोणाच्या मालकीची असावी, हे प्रश्न त्यांनी १९४३ सालीच सरकारी समितीपुढे मांडले होते. आमच्या वाड्यात तेव्हा गोडेतेलाचा दिवासुद्धा जपून लावीत असतील.

पण आज आम्हाला मोठ्या धरणांविषयी लिहायचे नाही. वस्तीतल्या लहान दिव्यांविषयी लिहायचे आहे.

तरुण वाचकांना गॅसबत्ती ठाऊक नसेल. पितळेची टाकी, तिच्यात रॉकेल, वर काच आणि आत रेशमी जाळीचे मेंटल. स्पिरिटने तापवायची, पंप मारायचा, मग मेंटल पांढरेशुभ्र पेटायचे आणि बत्ती रात्रभर सूं सूं करायची. मेंटल एकदा जळाले की त्याची नुसती राख उरते. तीच राख प्रकाश देते, आणि एखादा किडा धडकला तरी ती झडून पडते. म्हणून गायनाच्या कार्यक्रमाला बत्तीवाला माणूस वेगळा असायचा. तो गात नसे, कोरसमध्येही बसत नसे. दर अर्ध्या तासाला उठून पंप मारायचा, खिशात जादा मेंटल ठेवायचा, मुलांना लांब बसवायचा. पहिला चहा मात्र त्याला मिळायचा. गायकाच्याही आधी!

कर्ण्याला ट्रकची बॅटरी लागे. ती सायकलच्या कॅरिअरला बांधून चार्जिंगला न्यायची आणि कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी आणायची. आणणाऱ्याच्या विजारीला ॲसिडची भोके पडायची. बॅटरी अहुजाच्या अँप्लिफायरला जोडली, लिंबाच्या फांदीला कर्णा बांधला, की दोन पार्ट्यांचा सामना सुरू व्हायचा. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांची गाणी, प्रल्हाद शिंदे यांच्या चाली, मध्येच गावच्याच कुणीतरी रचलेले कडवे. बाया लेकरांना मांडीवर घेऊन पहाटेपर्यंत बसायच्या. वाचता न येणाऱ्या आमच्या मायला चवदार तळ्याचा सगळा प्रसंग पाठ होता, तो या रात्रींमुळे.

पुढे टेपरेकॉर्डर आला. दीक्षाभूमीला किंवा ६ डिसेंबरला दादरला गेलेला माणूस परत आला की त्याच्या पिशवीत काय आहे हे पाहायला आम्ही मुले धावत जायचो. कॅसेट असायची! ती पुन्हा मागे गुंडाळायला टेप वापरायचा नाही, सेल खर्च होतात. पेन्सिल घालून हाताने फिरवायची. सेल उतरले की गाणाऱ्याचा आवाज जड होई, जणू तो झोपेत गातो आहे. मग आम्ही ते सेल काढून पत्र्यावर उन्हात ठेवायचो. दुपारभर तापले की आणखी दोन-तीन गाणी निघत. ऊब मिळाली की आतली रासायनिक क्रिया थोडी वेग घेते, इतकेच त्यातले शास्त्र. आमची मुलगी हे ऐकून म्हणाली, "बाबा, म्हणजे तुमच्याकडे सोलर तेव्हाच होतं." तिला हसताना पाहून आम्हालाही बरे वाटले. आता तिच्या मोबाइलमध्ये ती सगळी गाणी आहेत आणि ती एकटीच कानात घालून ऐकते. तक्रार नाही. पण कॅसेट एक आणि ऐकणारी वीस घरे, हा प्रकार गेला तो गेलाच.

मधल्या काळात कुठल्याशा योजनेतून वस्तीत सोलरचे दिवे आले. खांब, वर प्लेट, खाली पेटीत बॅटरी. नारळ फुटला, फोटो निघाले. पहिली दोन वर्षे उत्तम गेली. बाया रात्री निर्धास्त बाहेर पडू लागल्या, मुले खांबाखाली पुस्तक घेऊन बसू लागली. मग एक दिवा संध्याकाळी लागून आठला विझायला लागला. नंतर दुसरा. एका खांबावरची बॅटरीच कुणीतरी काढून नेली. आज खांब उभे आहेत, प्लेटवर धूळ आहे, आणि बाया त्यांना दोऱ्या बांधून कपडे वाळत घालतात. वस्तीतल्या एका आजीने आम्हाला ऐकवले, "लावून जायलेत समदे, बाबा. पुसाया कोन यायलंय?"

आम्ही हिंगोलीला एका पतसंस्थेत कारकुनी करतो. बी.कॉम.ला असताना शिकलेले पुष्कळसे विसरलो, पण 'घसारा' हा शब्द विसरलो नाही. कोणतीही वस्तू विकत घेतली त्या दिवसापासून तिची किंमत झिजत जाते. शहाणा दुकानदार त्या झिजेइतकी रक्कम दरवर्षी बाजूला ठेवतो, म्हणजे वस्तू संपली तेव्हा दुसरी आणायला पैसा असतो. सोलरची प्लेट पंचवीस वर्षे चालते, हे खरे. पण तिच्याजवळची शिशाची बॅटरी चार-पाच वर्षांची. तिच्यात वेळोवेळी डिस्टिल्ड पाणी घालावे लागते, प्लेटवरची धूळ पुसावी लागते. दिवा बसवणाऱ्याने घसारा धरला नाही आणि वस्तीने बत्तीवाला नेमला नाही. मग दिवे विझणार नाहीत तर काय होणार?

छतावरच्या सोलरविषयीही लोक आम्हाला विचारतात, म्हणून थोडे सांगतो. केंद्र सरकारची पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ पासून आहे. एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा अधिकला ७८ हजार रुपये अनुदान मिळते. एक किलोवॅट चांगल्या उन्हात दिवसाला चारेक युनिट देते आणि तिला शंभर चौरस फूट सावली नसलेली जागा लागते. कमी वीज वापरणाऱ्या घरांसाठी राज्य सरकारनेही २०२५ साली आपली भर घातली आहे. बिल थकलेले नसेल, मीटर नावावर असेल आणि छत भक्कम असेल तर जरूर अर्ज करावा. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. लाईनला जोडलेले हे सोलर बॅटरीशिवाय असेल, तर लाईट गेल्यावर तेही बंद पडते. बिघाड नाही, मुद्दाम तशी रचना आहे. खांबावर चढलेल्या वायरमनला घराघरांतून उलटी वीज जाऊन धक्का बसू नये म्हणून. "डोक्यावर प्लेट, घरात अंधार" असे म्हणून आमचे एक नातेवाईक बसवणाऱ्याशी भांडायला निघाले होते. त्यांना आम्ही मोठ्या मुश्किलीने खाली बसवले.

सौर पंपाच्या योजनेत आपल्या शेतकऱ्याला पाच टक्केच भरावे लागतात, इतरांना दहा. चांगलेच आहे. पण ज्याला शेत नाही, विहीर नाही, जो सोयाबीन काढायला आणि हळद उकडायला दुसऱ्याच्या बांधावर जातो, त्याला पाच टक्के काय नि दहा टक्के काय! पत्र्याच्या घराचा उतारा ज्याच्या नावावर नाही त्याला छतही नाही. आमच्या वस्तीत अशी घरे बरीच आहेत. म्हणून सगळ्यांचे मिळून एकच छत उरते, विहाराचे.

वर्षावासात विहारात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन असते. नेमकी तीच वेळ लाईट जाण्याची. पाऊस सुरू झाला, वारा सुटला की गेलीच. मग मोबाइलचा उजेड पानावर धरून वाचायचे. परीक्षेच्या दिवसांत मुलांची अभ्यासिकाही तिथेच. म्हणून जयंतीच्या वर्गणीतला वाटा विहाराच्या सोलरला द्यावा, असा विषय बैठकीत निघाला आणि तासभर चांगलीच खडाजंगी झाली.

तरुणांचे म्हणणे असे की डीजे कमी करून चालणार नाही. एकजण उभा राहून म्हणाला, "काका, बाकी सगळ्यांच्या मिरवणुका डीजेवर निघतात. आपणच काय म्हणून गुपचूप जायचं?" आम्हाला डीजे आवडत नाही. छातीत धडधडते, म्हाताऱ्यांना त्रास होतो, गाण्याचे शब्द कळत नाहीत आणि जनरेटर रात्रभर डिझेल पितो. तरी त्या पोराचे बोलणे आम्हाला खोडता आले नाही. लिंबाला कर्णा बांधताना त्याचे तोंड आम्हीही गावाकडेच करायचो. वस्तीने ऐकावे यासाठी कर्ण्याची गरज नव्हती. गावाने ऐकावे म्हणून तो होता. ही पोरे तेच करतात, फक्त मोठ्या आवाजात. शिवाय रात्रभराचे सामनेही आता होणे नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, त्यामुळे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. सवलतीच्या दिवशी फार तर बारापर्यंत.

मग आम्ही कारकुनाचे काम केले. पाटी घेतली आणि हिशेब मांडला. वीस वॅटचे सहा दिवे पाच तास, म्हणजे ०.६ युनिट. तीस वॅटचे तीन पंखे दोन तास, म्हणजे ०.१८. बारा व्होल्ट, दीडशे अँपिअर-तासाच्या बॅटरीत १.८ युनिट मावते, पण शिशाची बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरू दिली तर लवकर मरते. म्हणजे आपल्या हातात ०.९. इन्व्हर्टर स्वतःही थोडी खातो. जेमतेम बसते. ढगाळ दिवसांत प्लेट फार कमी देते, म्हणून एक नको, तीनशे तीस वॅटच्या दोन घ्याव्यात.

आणि घसारा? बॅटरी पंधरा हजारांची धरली, आयुष्य पाच वर्षे धरले, तर वर्षाला तीन हजार, महिन्याला अडीचशे. घरे पन्नास. घरामागे महिना पाच रुपये! जुनी बॅटरी दुकानदार परत घेतो, तिच्या शिशाचे पैसे वजा होतात. ती घरी फोडायची नाही, शिसे लेकरांच्या अंगात गेले तर ते विष आहे, हेही आम्ही तिथेच सांगितले.

पाच रुपयांचा आकडा पाटीवर पाहून बाया बोलू लागल्या. तोवर त्या मागे गप्प होत्या. एकीने विचारले, पैसे गोळा कोण करणार आणि वही कोणाकडे राहणार? खरा प्रश्न तिनेच विचारला. पुरुषांतून तीन नावे आली आणि तिन्ही नावांवर वाद झाला. शेवटी बारावीत शिकणाऱ्या दोन मुलींनी हात वर केला. त्या रोज अभ्यासिकेत असतातच. दर रविवारी प्लेट पुसणे, महिन्यातून एकदा बॅटरीचे पाणी पाहणे आणि वही लिहिणे त्या करणार आहेत. प्लेट पुसायला छतावर चढायचे तर शिडी पाहिजे, अशी त्यांनी अट घातली. शिडी करून द्यायचे एका सुताराने कबूल केले आहे.

डीजेचा निकाल अजून लागलेला नाही. तरुणांनी एक तोड सुचवली आहे. मिरवणुकीला डीजे राहील, पण एकाच संध्याकाळी. दुसऱ्या संध्याकाळी दहाच्या आत विहारापुढे गायन, पेटी-ढोलकीवर, आणि अँप्लिफायर विहाराच्याच बॅटरीवर. मोठी माणसे अजून मान डोलवत नाहीत. गाणारे कोण उरले आहे, असे ती विचारतात. शेजारच्या गावात एक जुने पेटीवाले आहेत, त्यांना विचारायला आम्ही येत्या रविवारी जाणार आहोत. वहीचे पहिले पान मात्र भरले आहे. एकतीस घरांनी पाच रुपये दिले, चार घरांनी वर्षाचे साठ एकदम दिले आणि खांबाला दोरी बांधणाऱ्या आजीने दहा दिले. पुढच्या महिन्याचे पाच त्यातच धरा, असे ती म्हणाली.