व्हर्जिनियाच्या कोल्होबांस

श्री. कोल्होबा,
मु. पो. मिडलबर्ग, लाउडन काउंटी, व्हर्जिनिया यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

पत्रास कारण की, तुमच्या कुळातली एक कोल्हीण यंदा इकडे ॲशबर्नला आमच्या शेजाऱ्यांच्या डेकखाली व्याली. पिल्लं आधी मातकट होती, आता तांबूस दिसू लागली आहेत. सगळी सुखरूप आहेत. बाळंतिणीला कुणी हाकललं नाही, उलट शेजारीणबाईंनी आपला कुत्रा महिनाभर पुढच्या दारानेच बाहेर नेला. मागचं रान मात्र गेलं. तिथे डेटा सेंटर उभं राहतंय. बिनखिडक्यांच्या भिंती आणि दिवसरात्र घरघर.

आता तक्रार. ती तुमच्याबद्दल नाही, तुमच्या नावाने जे बोललं जातं त्याबद्दल आहे. राजकारणी आतल्या गाठीचा निघाला की लोकांना तुम्ही आठवता. अमेरिकेचे आठवे राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरेन यांना विरोधक त्यांच्या गावावरून ‘किंडरहुकचा तांबडा कोल्हा’ म्हणायचे. व्यंगचित्रकारांनी तर त्यांचं डोकं तुमच्या धडावर बसवलं. 1840 ची निवडणूक हरून ते घरी गेले, बदनामी तेवढी तुमच्या पदरात राहिली. आमच्याकडेही तेच. करकोच्याला जेवायला बोलावून पसरट थाळीत खीर वाढणारे तुम्हीच, असं आजीने सांगितलं, आणि मला तेव्हाही तो आळ वाटला.

अहो, शिकारीत पंधरा-वीस जोड्या कुत्री मागे लागल्यावर (हो, ती जोडीनेच मोजतात) तुम्ही ओढ्याच्या पाण्यातून जाता, गुरांच्या कळपातून वाट काढता, म्हणजे तुमचा वास मोडतो. कधी आल्या वाटेने उलटे फिरता. याला लबाडी म्हणतात होय? जिवावर बेतलेल्याने आणखी काय करायचं?

तुमचं आणि इथल्या बड्या घरांचं नातं देशापेक्षाही जुनं आहे. जॉर्ज वॉशिंग्टन माउंट व्हर्ननच्या रानात तुमच्या मागे घोडा घालायचे आणि रोजनिशीत त्याची नोंद ठेवायचे. 1785 साली त्यांचा फ्रेंच मित्र लाफायेत याने त्यांना फ्रान्सहून शिकारी कुत्री पाठवली. त्यांच्या व्हल्कन नावाच्या कुत्र्याने एकदा स्वयंपाकघरातून अख्खं हॅम पळवलं आणि वॉशिंग्टनच्या पत्नी मार्थाबाई चांगल्याच चिडल्या, ही आठवण मार्थाबाईंच्या नातवाने लिहून ठेवली आहे. कुत्र्याची चोरी घरात कौतुकाने सांगितली जाते. तुम्ही एक कोंबडी उचललीत तर पिढ्यान्‌पिढ्या चोर ठरता. हे मला खुपतं.

1961 मध्ये तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी जॅकलीन केनेडी मिडलबर्गजवळ शिकारीत कुंपणावरून उडी घेताना घोड्यावरून पडल्या. तो फोटो जगभर गेला. लाल कोट, उंची घोडे, पडलेली थोर मंडळी यांवर हसणं सोपं असतं, आणि श्रीमंतांची टिंगल करणाऱ्यांनी ते मनापासून केलं. पण कुत्र्यांच्या पुढे जो धावत असतो, त्याच्याकडे कुणी पाहिलं? इंग्लंड-वेल्समध्ये 2005 पासून कुत्र्यांकरवी कोल्ह्याची शिकार कायद्याने बंद आहे. इथे ती चालू आहे. तुम्ही बिळात शिरलात की बहुतेक वेळा शिंग फुंकून कुत्री माघारी बोलावतात, हे मला ठाऊक आहे. तरी तोवर तुमच्या छातीत काय होत असेल!

आणि तरीही, कोल्होबा, एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1993 साली डिस्नेने इथल्याच हेमार्केटजवळ सुमारे 3,000 एकरांवर मनोरंजननगरी काढायची ठरवली, तेव्हा विरोधात इतिहासकारांच्या बरोबरीने उभी राहिली ती याच शिकारी मुलखातली जमीनदार मंडळी. पुढच्याच वर्षी डिस्नेला बेत गुंडाळावा लागला. यांतल्या कित्येकांनी आपल्या कुरणांवर कधीही वस्ती होऊ देणार नाही असं कायद्याने लिहून दिलं आहे. म्हणजे तुमच्या मागे कुत्री सोडणाऱ्यांनी तुमचं रान राखलं, आणि पिल्लं दिसली की मोबाइल काढून हळहळणाऱ्या आमच्या वस्त्यांनी ते गिळलं. एकाही व्यंगचित्रकाराने हे अजून का काढू नये?

म्हणून विनंती. कोल्हीणबाईंना निरोप द्यावा की पिल्लं हिंडू-फिरू लागली की इथे थांबू नका, पश्चिमेकडच्या कुरणांत जा. रस्ता ओलांडायचा तो वर्दळ पार ओसरल्यावरच.

दुसरी विनंती लाल कोटवाल्यांना करायची आहे. वास लावलेलं फडकं दोरीने पुढे ओढत न्यायचं आणि कुत्र्यांनी त्याचा माग काढायचा, अशी शिकार याच देशात काही क्लब करतात. घोडे तसेच दौडतात, कुंपणं तशीच ओलांडली जातात, शिंगही वाजतं. कुरणं राखा आणि फडक्यामागे धावा, एवढंच मी त्यांना लिहिणार आहे. खाली तुमचंही नाव घालू ना? तेवढी परवानगी असावी.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपली,
ॲशबर्नची एक शेजारीण