अकरा मिलिमीटर

बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीमागे बांधून न्यायची असली की आमच्याकडे 'टोचन लाव' म्हणतात. 'टो-चेन' गॅरेजवाल्यांच्या तोंडात घोळून घोळून टोचन झाली, असं सांगतात. पुढे तो शब्द साखळीपुरता राहिला नाही. ओढणारं आणि ओढलं जाणारं यांच्या मधे जे काही असेल ते सगळं टोचन. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडणारी पिन, ती टोचन पिन.

गाळप हंगामात सांगली-कोल्हापूरकडून रात्री प्रवास केला असेल, तर ही पिन न बघताही तुम्ही तिच्या मागून गेला आहात. ट्रॅक्टर आधी ऐकू येतो, त्याच्यावरची गाणी त्याहून आधी. मग दोन ट्रॉल्या दिसतात. दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला ऊस, आणि मागे असलाच तर धुळीनं माखलेला रिफ्लेक्टर. आपण चार शिव्या घालतो, हॉर्न मारतो आणि पुढे जातो.

त्या सगळ्या लटांबराची जोडणी अगदी साधी असते. ट्रॉलीला पुढे लोखंडी दांडी. दांडीच्या टोकाला कडी. ती कडी ट्रॅक्टरच्या मागच्या दोन पट्ट्यांमध्ये सरकवायची आणि वरून अंगठ्यापेक्षा थोडी जाड पिन सोडायची. पहिल्या ट्रॉलीच्या मागे दुसरी ट्रॉली अशीच. ऊस आणि लोखंड मिळून 25 टन धरा. सगळं या दोन पिनांवर.

माझा चुलतभाऊ, आमचा दादा, गेली आठ वर्षं असा ट्रॅक्टर चालवतो. ट्रॅक्टर त्याचा, पुढची ट्रॉली त्याची, मागची ट्रॉली भाड्याची. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, म्हणजे हिंजवडीत बसून कोड लिहितो. माझ्या बॅचच्या निम्म्याहून जास्त पोरांचं हेच झालं. चार वर्षं लोखंड कसं तुटतं ते शिकलो आणि पोटापाण्याला लागलो ते सर्व्हर का पडला हे शोधायला. मात्र हंगामात मी जमेल तेवढं वर्क फ्रॉम होम घेऊन गावी जातो, आणि तेव्हा दादाचा ट्रॅक्टर घराच्या पाठीमागे उभा असतो.

मागच्या हंगामात आमच्या शेजारच्या रस्त्यावर कॅनॉलच्या पुलाच्या चढाला एकाची मागची ट्रॉली सुटली. भरलेली ट्रॉली मागे येत येत चारीत गेली. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्या पोराचा पाय मोडला. तो डेअरीत दूध घालून परत येत होता. त्यानंतर दोन-तीन दिवस पारावर जी चर्चा झाली ती मी लक्ष देऊन ऐकली. ट्रॅक्टरवाला म्हणाला, पिन ट्रॉलीबरोबर आली होती. ट्रॉलीवाला म्हणाला, जोडली त्यानं, बघायला नको? मुकादम म्हणाला, आमचं काम ऊस तोडून भरायचं. प्रत्येकाचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर होतं. आमच्या ऑफिसातही दोन टीमच्या सिस्टिम जिथे जोडल्या जातात तिथेच सगळ्यात जास्त घोळ होतात, कारण ती जागा दोघांची असते म्हणून कुणाचीच नसते. फरक एवढाच की आमच्याकडे घोळ झाला तर ग्राहकाला मेल जातो.

मी दादाला म्हटलं, तुझी पिन बघू या. तो हसला. "आरं, मोडाय ती काय पेन्सिल हाय व्हय? लोखांड हाय ते."

गंमत म्हणजे कागदावर दादाच बरोबर होता. मी हिशोब मांडला. 25 टनांचं ओझं, शंभर मीटरला पाच मीटर चढणारा रस्ता. चढासाठी सव्वा टन ओढ, डांबरी रस्त्यावर चाकं फिरवायला साधारण अर्धा टन. पावणेदोन टन झाले. दोन पट्ट्यांमधली 30 मिलिमीटरची पिन तुटायची तर एकाच वेळी दोन जागी कापली जायला हवी, आणि साध्या मऊ लोखंडाची धरली तरी त्याला तीस टनांच्या पुढे जोर लागतो. फडातल्या चिखलातून ट्रॉली बाहेर काढताना ओढ कितीतरी वाढते, तरीही अंतर भरपूर राहतं. परीक्षेत हे गणित आलं असतं तर खाली दुहेरी रेघ मारून 'सुरक्षित' असं लिहिलं असतं.

मग पिना तुटतात कशा? एक तर पुष्कळदा तुटतच नाहीत, निसटतात. पिनेच्या खालच्या टोकाला एक छोटं लॉक असतं. ते हरवतं. त्याच्या जागी तार येते, तार झिजते, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर पिन उड्या मारत मारत वर सरकते. दहा-वीस रुपयांच्या तुकड्यावर 25 टन सोडलेले असतात.

दुसरं कारण परीक्षेतल्या गणितात नसतं. तिथे पिन भोकात घट्ट बसलेली असते आणि जोर एकाच दिशेनं, सावकाश येतो. रस्त्यावर तसं नसतं. ट्रॅक्टर ओढतो तेव्हा कडी पिनेच्या एका बाजूला टेकते. ड्रायव्हरनं ब्रेक मारला की ट्रॅक्टर थांबायला बघतो, पण बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. त्या मागून ढकलतात आणि कडी पिनेच्या दुसऱ्या बाजूवर आदळते. पुन्हा ॲक्सिलरेटर, पुन्हा पहिल्या बाजूवर. प्रत्येक गतिरोधक, प्रत्येक गिअर म्हणजे एक घाव. एका खेपेत असे किती आणि हंगामात किती, मोजत बसू नका.

असे लहान लहान घाव पुन्हा पुन्हा बसले की लोखंड एका घावाला जेवढं सोसतं त्याच्या कितीतरी कमी जोराला तुटतं. इंजिनिअरिंगमध्ये याला फटीग म्हणतात. माणसाला हे शिकायला मोठी किंमत मोजावी लागली. 8 मे 1842 रोजी व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या रेल्वेच्या इंजिनाचा आस वाटेत तुटला. डबे एकमेकांवर चढले, आग लागली, पन्नासहून जास्त माणसं गेली. पुढे ऑगस्ट व्होलर नावाच्या जर्मन रेल्वे इंजिनिअरनं वर्षानुवर्षं आसांवर प्रयोग करून दाखवलं की, एकदा किती जोर आला हे जितकं महत्त्वाचं, तितकंच तो किती वेळा आला हेही महत्त्वाचं.

दादाला मी व्होलर सांगितला नाही. कॉलेजातलं व्हर्निअर कॅलिपर माळ्यावर होतं ते काढलं.

ट्रॅक्टर सपाट जागी, ट्रॉली रिकामी, चाकांना दोन्हीकडून दगड. पिन काढली, डिझेलच्या चिंधीनं पुसली. वरच्या टोकाला, जिथे घर्षण नाही तिथे, 30 मिलिमीटर भरली. मधे, कडी टेकते तिथे, 27. नुसत्या डोळ्यांना ती झीज दिसत नव्हती. बोट वरून खाली फिरवलं की मात्र मधे एक कंबर लागत होती. 30 ची 27 म्हणजे दहा टक्के कमी, असं वाटतं. पण कापण्याला विरोध करते ती पिनेची जाडी नव्हे, तिचं क्षेत्रफळ. ते 81 टक्क्यांवर आलेलं असतं. वाकण्याला विरोध तर घनाच्या हिशोबानं घटतो. तो 73 टक्केच उरतो.

तरीसुद्धा खरी भानगड पिनेत नव्हती. कडीचं भोक मोजलं. नवीन असताना ते 33 मिलिमीटरचं गोल होतं, म्हणजे तीन मिलिमीटर मोकळीक. आता ते आडवं 33 आणि ओढीच्या दिशेनं 38 झालं होतं, अंड्यासारखं. 38 च्या भोकात 27 ची पिन. अकरा मिलिमीटर फट.

ट्रॉली ढकलण्याचा जोर तेवढाच धरला, तर फटीतून पलीकडे जाऊन आदळताना तिच्यात साठलेली ऊर्जा फटीच्या प्रमाणात वाढते. तीनची फट अकरा झाली म्हणजे प्रत्येक घाव जवळपास पावणेचार पट. घाव मोठा म्हणून झीज जास्त, झीज जास्त म्हणून फट मोठी, फट मोठी म्हणून पुढचा घाव आणखी मोठा. नवी पिन पहिली काही वर्षं जितक्या सावकाश झिजते, तितक्या सावकाश ती शेवटी झिजत नाही. "इतकी वर्षं काही झालं नाही" या वाक्याचा म्हणूनच इथे काही उपयोग नाही.

दादा आता हसत नव्हता, पण पटलंही नव्हतं. "पिन बदलतो की. शेपाचशेचा प्रश्न." मी म्हटलं, दांडीचा जोडही बघू या.

दांडी जिथे ट्रॉलीच्या सांगाड्याला वेल्डिंगनं जोडलेली असते, तिथे चीर जाते. ती केसाएवढी असते, वर रंग, माती आणि ग्रीस. मोठ्या कारखान्यांत यासाठी लाल रंगाचे आणि पांढऱ्या पावडरीचे स्प्रे मिळतात. पण पूर्वी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये हेच काम तेल आणि खडूच्या पुडीवर चालायचं, आणि ते आमच्या अंगणातही चालतं. तारेच्या ब्रशनं जोड लख्ख घासला. डिझेल लावलं, अर्धा तास तसंच ठेवलं. आसपास विडी-काडी बंद. मग कोरड्या फडक्यानं कडक पुसून घेतलं आणि पुतणीच्या दप्तरातला खडू कुटून त्याची पूड चोळली. हातोडीनं हलकेच ठोकलं. चीर असेल तर तिच्यात मुरलेलं डिझेल बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर काळपट रेघ उमटते.

पाच मिनिटांत रेघ उमटली. चार बोटं लांब.

पुतणीला जादू वाटली. दादा उकिडवा बसून ती रेघ बघत राहिला. मग म्हणाला, "वर एक पट्टी मारून घिऊ."

असं करतात सगळे. पण चिरेवर नुसती पट्टी ठोकली की चीर आत तशीच राहते आणि वाढत जाते, फक्त दिसेनाशी होते. नीट करायचं तर चीर मुळापर्यंत घासून काढायची, मग भरायची, किंवा दांडीच नवी करायची. मिस्त्री म्हणाला दोन दिवस.

भर डिसेंबरातले दोन दिवस म्हणजे काय, ते ऊसवाल्या घरात सांगावं लागत नाही. कारखान्याची उचल घेतलेली, टोळीला आगाऊ पैसे दिलेले. खेप झाली तर पैसे. टोळी बसून राहिली तर तिच्या जेवणाची चिंता, आणि तोडलेला ऊस फडात पडून राहिला तर वजन घटतं म्हणून शेतकऱ्याचा फोन. सुरक्षितता आधी, असं पोस्टरवर लिहिणाऱ्याला यातलं काही भरावं लागत नाही. मला महिन्याच्या शेवटी पगार येतो. दादाला खेपेचे पैसे येतात. म्हणून 'थांब' म्हणणं मला सोपं होतं आणि थांबणं त्याला अवघड. ती रेघ जर उमटली नसती, तर नुसत्या माझ्या सांगण्यावर तो थांबला नसता, आणि त्याबद्दल मी त्याला दोष दिला नसता.

शेवटी मार्ग त्यानंच काढला. चीर पुढच्या ट्रॉलीला होती, आणि दोन्ही ट्रॉल्यांची ओढ तिच्याच दांडीवर यायची. ती मिस्त्रीकडे टाकली. भाड्याची मागची ट्रॉली, तिची दांडी खडूनं तपासून, नव्या पिनेसह थेट ट्रॅक्टरला जोडली. दोन दिवस एकाच ट्रॉलीच्या खेपा. निम्मे पैसे, टोळीची कुरकुर, पण चक्र थांबलं नाही. नवी दांडी आली तेव्हा दादानं जाड साखळीही करून घेतली. दोन साखळ्या दांडीखालून एकमेकींना फुली मारून बांधल्या. पिन गेलीच तर दांडी रस्त्यात न रुतता त्या फुलीवर पडते. वळताना ताण येणार नाही एवढी ढील, पण जमिनीला घासणार नाही एवढी आखूड.

युरोपात कारमागे कॅरव्हॅन ओढतात तेव्हा जोडणीचा गोळा 50 मिलिमीटरचा असतो, आणि तो झिजून 49 झाला की बदलायचा, असा आकडा ठरलेला आहे. तो आकडा मला फार आवडला. 'बघून घे', 'जरा जपून' यापेक्षा 49 बरा. त्यावर वाद घालता येत नाही. आमच्या पिनेसाठी असा आकडा कुणी सांगितला नव्हता, तो आम्ही ठरवला: 28. मिस्त्रीकडून पत्र्याच्या जाड तुकड्यात 28 मिलिमीटरची खाच कापून घेतली. पिनेची कंबर खाचेत शिरली तर पिन बाद. व्हर्निअर नको, चष्मा नको, इंजिनिअर भाऊ तर नकोच.

तो तुकडा दादाच्या चावीच्या कडीत असतो. तपासायला वेगळा वेळ नसतो ही त्याची तक्रार खरी होती. पण कारखान्याच्या यार्डात नंबर लागेपर्यंत तासन् तास जातात, आणि वजन करून ऊस उतरला की ट्रॉली रिकामीच असते. आठवड्यातून एकदा तिथेच पिन काढायची, खाचेत घालून बघायची, लॉक बघायचं, साखळी बघायची. पाच मिनिटं. खडू महिन्यातून एकदा.

परवा त्याचा व्हॉइस मेसेज आला. मागे इंजिनांचा आवाज, कुणाची तरी गाणी. यार्डात शेजारच्या दोघांनी तुकडा मागून घेतला होता. "एकाची शिरली बघ," दादा सांगत होता. "निम्मी आत गेली. त्यो म्हनला, असू दे, हा हंगाम काढतो. मी म्हनलं, माज्या म्होरं चाल, मागं नगं."