खापरखेड्याहून काप्रूनला

लेकीचा फोन आला तेव्हा मी अंगणात तुळशीची पानं ओल्या फडक्यानं पुसत होतो. आपल्याकडे संध्याकाळ, तिच्या म्युनिकमध्ये दुपार. "बाबा, फेब्रुवारीत नक्की या. पोराला शाळेची आठवडाभर सुट्टी आहे. सगळे मिळून काप्रूनला जाऊ, स्कीइंगला." आवाज मधेच तुटला, पुन्हा जुळला, आणि माझ्या कानाशी येईपर्यंत त्या गावाचं नाव बदलून गेलं. "अगं, मी खापरखेड्यातच तर आहे," मी म्हणालो. पलीकडे ती एवढी हसली की बराच वेळ फोनमधून नुसतं हसूच येत राहिलं.

रात्री अंथरुणात मी ती दोन नावं तोंडात खडीसाखरेसारखी घोळवली. काप्रून, खापरखेडा. एक ऑस्ट्रियाच्या साल्झबर्ग प्रांतातलं, आल्प्सच्या कुशीत शिरून बसलेलं. दुसरं सावनेर तालुक्यातलं, कोलार-कन्हानच्या काठचं. आमच्या नावातच खापर आहे, भाजलेली माती. आयुष्य मी इथल्या औष्णिक वीज केंद्रात, बॉयलरच्या संगतीत काढलं. 540 अंशांची वाफ नळीतून धावते तेव्हा नळी कशी गाते ते मला ठाऊक. आणि आता साठी ओलांडल्यावर लेक म्हणते, बर्फावरून घसरायला या.

बर्फ मला माहीत होता तो गारांचा. विदर्भात गहू पिवळा पडायला लागला की एखाद्या दुपारी आभाळ काळंनिळं होतं, आंब्याचा मोहर हलायचा थांबतो, आणि मग कौलांवर तो तडतडाट सुरू होतो. आम्ही पोरं डोक्यावर टोपली धरून अंगणात धावायचो, गारा वेचायचो, तोंडात टाकायचो. बाबा मात्र ओसरीच्या खांबाला टेकून संत्र्याच्या झाडांकडे बघत उभे असायचे. आमच्या तोंडातली गार विरघळायची, त्यांच्या डोळ्यांतलं पीक. थंड पांढऱ्या वस्तूशी माझी ओळख अशी झाली. अर्धी खुशीची, अर्धी धाकाची.

दुसरी पांढरी वस्तू होती राख. आपल्या कोळशात शंभरातले पस्तीस-चाळीस भाग राखच असते. सिल्लेवाडा, वलनी, चनकापूर या खाणींच्या मुलखात राहणाऱ्याला हे शाळेत शिकवावं लागत नाही. ती राख हातात घेतली की पावडरपेक्षा मऊ, कोमट, बोटांच्या फटीतून पाण्यासारखी निघून जाणारी. पाण्यात कालवून पाइपातून ती दूर बांधापलीकडे सोडतात. उन्हाळ्यात तो सगळा पसारा वाळून असा लख्ख होतो की चांदण्या रात्री पाहणाऱ्यानं क्षणभर विसरावं आपण कुठे उभे आहोत ते.

मी पुष्कळदा विसरलो आहे.

सुट्टीची खरी मजा निघण्यापूर्वीच्या दोन महिन्यांत असते. लेक रोज फोनवर याद्या पाठवायची: थर्मल, लोकरीचे मोजे, पाणी न शिरणारे हातमोजे, गॉगल. त्या यादीच्या पाठीवर बायको स्वतःची यादी लिहायची: तिळाचे लाडू, लाखोळीच्या डाळीचं पीठ, सांडगे, सावजी मसाल्याची पुडी तीन पिशव्यांत गुंडाळून. "थंडी तं आपल्या इथंबी पडते," ती म्हणायची. "त्याच्यासाठी एवढ्या दूर कायले जा लागते?" तिचंही खरं होतं. 2018च्या डिसेंबरात नागपूरचा पारा 3.5 अंशांवर उतरला, त्या रात्री आमच्या गल्लीत चार शेकोट्या पेटल्या होत्या, आणि कधी एकमेकांशी न बोलणारी दोन घरं एकाच शेकोटीशी हात शेकत बसली होती.

गरम कपडे घ्यायला आम्ही नागपूरला गेलो. हिवाळा आला की तिथे तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागतात. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ त्यांची वसाहतच आहे. हिमालयापलीकडची माणसं, धानाच्या मुलखात रुजलेली. दुकानातल्या बाईनं माझ्या मापाची टोपी शोधता शोधता विचारलं, कुठे जाता? मी सांगितलं. तिनं टोपी माझ्या कानांवरून नीट खाली ओढली आणि अस्सल नागपुरीत म्हणाली, "मी तं बर्फ पाह्यलाच नाई, काका. माह्या आईनं पाह्यला." एवढं बोलून ती पैसे मोजायला लागली. त्या टोपीच्या लोकरीत तिच्या आईचा बर्फ आहे असं मला पुढे सगळा प्रवासभर वाटत राहिलं.

काप्रूनला आम्ही रात्री पोचलो. गाडीतून उतरलो तर रस्त्यावरच्या दिव्याखाली काहीतरी तरंगत होतं. पडत नव्हतं, घाई नसलेल्या माणसासारखं इकडेतिकडे बघत खाली येत होतं. माझा हात आपोआप खांद्यावर गेला, झटकायला. चाळीस वर्षांची सवय. नातू ओरडला, "आजोबा, झटकू नका, खा!" मी जीभ बाहेर काढली. थंड टिपका टेकला, विरला. दाताखाली आता कचकच लागेल म्हणून मी वाट पाहिली.

लागली नाही.

पहाटे जाग आली ती एका आवाजानं. खर्र, खर्र, मग थोडी उसंत, पुन्हा खर्र. खिडकीचा पडदा सारला तर समोरच्या घरातली म्हातारी दारातला बर्फ फावड्यानं बाजूला करत होती. तिची पाठ, तिचं मधेच थांबून कमरेवर हात ठेवणं, जमा झालेल्या ढिगाकडे जरा रागानं बघणं, सगळं माझ्या पाहण्यातलं होतं. आमच्या गल्लीत सकाळी सहाला खराट्याचा हाच ताल असतो. बायको माझ्यामागे येऊन उभी राहिली, बघत राहिली आणि म्हणाली, "हिच्या मागंबी हेच हाये का मग?"

स्कीचे बूट घालणं म्हणजे दोन्ही पाय प्लॅस्टरमध्ये घालून वर हसऱ्या चेहऱ्यानं चालणं. दुकानदारानं माझं वजन विचारलं, वय विचारलं, आणि त्या हिशेबानं पट्ट्यांच्या पकडीचा स्क्रू फिरवला. किती जोरात पडलो की पाय सुटावा, हे आधीच ठरवून ठेवायचं. पडण्याची एवढी आदबशीर तयारी मी कुठे पाहिली नव्हती. शिकाऊ लोकांच्या उतारावर माझे सगळे सोबती सहा-सात वर्षांचे. माझा नातू माझा गुरू. "आजोबा, पिझ्झा! पिझ्झा करा!" म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ आणा, टाचा फाकवा, की वेग कमी होतो. मी पिझ्झा केला, तो बिघडला, आणि मी आडवा झालो. डोक्यावर आल्प्सचं आभाळ, धुतलेल्या पाटीसारखं निळं. कानात कसलाच आवाज नाही. बर्फ आवाज पिऊन टाकतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी जरा वेळ उठलोच नाही.

उतारावरून वर जायला तिथे एक सरकता पट्टा होता. जर्मनमध्ये त्याला जादूचा गालिचा म्हणतात. रबराचा काळा पट्टा, खाली फिरणारे रूळ, कडेला लाल बटण. मी त्यावर पाय ठेवला आणि हसू आवरेना. हा तर कन्व्हेयर बेल्ट! उभ्या हयातीत मी या पट्ट्यावरून कोळसा वर जाताना पाहिला. ओला, काळा, चकाकणारा कोळसा, रात्रपाळीच्या पिवळ्या दिव्यात गुरांच्या कळपासारखा बंकरकडे निघालेला. रूळ अडकला की त्याचा सूर कसा बदलतो, पट्टा तिरका धावू लागला की कुठून घासतो, हे मी डोळे मिटून सांगितलं असतं. आता त्याच पट्ट्यावर मी उभा होतो, तिबेटी टोपी घालून, पुढे-मागे रंगीबेरंगी पोरं, आणि आम्ही सगळे हळूहळू वर चाललो होतो, फक्त पुन्हा घसरत खाली येण्यासाठी. कोळशाला हे सुख कधी मिळालं नाही.

दुपारी लाकडी उपाहारगृहात बायकोपुढे एक ताट आलं: वाफवलेला भला मोठा पांढरा गोळा, पोटात आलुबुखाऱ्याचा मुरंबा, आणि वरून काळसर खसखशीची भुकटी भुरभुरलेली. गेर्मक्नोडल. तिनं चमच्यानं भुकटी जराशी बाजूला केली, माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघंही काही बोललो नाही. मग तिनं घास घेतला आणि म्हणाली, "मोदकच हाये, पण उकडताना कोनीतरी खिडकी उघडी ठेवली."

तिसऱ्या दिवशी पाय एवढे दुखले की मी एकटाच गावातून चालत निघालो. दरीच्या तोंडाशी एक लांबट इमारत दिसली, मागे डोंगरातून उतरलेले जाड पाइप, बाजूला तारांचं जंजाळ. पायांनी मला माझ्या ओळखीच्या जागी आणून सोडलं होतं. काप्रून हे पॉवर हाऊसचं गाव आहे. 1938 साली इथल्या धरणांचं काम सुरू झालं. महायुद्धाच्या काळात युद्धकैद्यांना आणि वेठीला धरून आणलेल्या मजुरांना या थंडीत राबवलं गेलं. मग युद्ध सरलं, अमेरिकेच्या मार्शल योजनेचा पैसा आला, आणि 1955मध्ये वरचा टप्पा पुरा झाला. वर दोन हजार मीटरवर मोझरबोडनचं पाणी. हिवाळ्यात तिथे जाता येत नाही; सगळं बर्फाखाली झोपलेलं. उन्हाळ्यात हाच बर्फ वितळून धरणात येतो, कड्यावरून झेपावतो, चाकं फिरवतो, आणि वीज स्वस्त असते त्या वेळी पंप त्यालाच पुन्हा वर नेऊन ठेवतात. एकच पाणी, पुन्हा पुन्हा पडणारं. असलं नवं केंद्र तिथे 2011मध्ये सुरू झालं, 480 मेगावॉटचं. त्याच वर्षी आमच्याकडे 210च्या चार संचांशेजारी 500चा पाचवा संच उभा राहिला. आम्ही पेढे वाटले होते. त्यांनीही काहीतरी वाटलंच असेल.

मी कुंपणाशी थांबलो. आणि मग तो ऐकू आला.

ट्रान्सफॉर्मरचा गुंजारव. माझ्या क्वार्टरच्या खिडकीतून रात्रभर येणारा, जो असतो तेव्हा ऐकू येत नाही आणि बंद पडला की सगळी कॉलनी जागी होते, तो. तोच सूर, केसाइतकाही वर-खाली नाही. दोन्ही देशांची वीज 50 हर्ट्झची, म्हणून दोन्हीकडचं लोखंड एकाच पट्टीत गातं; एवढं साधं कारण मला ठाऊक होतं. तरी सात समुद्रांपलीकडे, बर्फात, अनोळखी कुंपणाला हात लावून उभा असताना माझे डोळे भरून आले. आईनं हाक मारावी आणि ती हाक शेजारच्या घरातून यावी, तसं काहीतरी.

परतताना लेक मला डोंगराच्या पायथ्याच्या स्मारकाशी घेऊन गेली. 11 नोव्हेंबर 2000 या दिवशी हिमनदीकडे चढणारी रेल्वे बोगद्यात पेटली. गाडीतल्या एका हीटरपासून आग लागली आणि 155 माणसं गेली, बहुतेक सगळी स्कीइंगला निघालेली. स्मारकात 155 काचा आहेत, प्रत्येकासाठी एक, रंगीत. संध्याकाळचा उजेड त्यांतून येत होता. आगीशी जन्मभर वागलेला माणूस मी; मला हात जोडण्यापलीकडे काही सुचलं नाही.

शेवटच्या रात्री झोप येईना. खिडकीतून पाहिलं तर खालच्या उतारावर दिवे लावून बर्फाच्या तोफा चालल्या होत्या. हल्ली हिवाळे पूर्वीसारखे भरवशाचे राहिले नाहीत. बर्फ कमी पडला की पारा शून्याखाली असताना हवेच्या दाबानं पाण्याचे तुषार उडवतात, आणि ते जमिनीला टेकेपर्यंत गोठतात. पांढऱ्या धुराचे लोट वर जाऊन पसरत होते, दिव्यांत उजळत होते. मला आमची चिमणी दिसली. वीज करताना आमच्याकडे पांढरं उरतं, इथे पांढऱ्यासाठी वीज खर्चतात; आणि मधे ती अदृश्य, कुणाची म्हणून ओळखता न येणारी, तारांतून गुणगुणत जाणारी.

घरी आल्यावर चहाच्या टपरीवर जुने सोबती जमले. नाईट शिफ्टचे, एका डब्यातले. मी फोनमधले फोटो दाखवले, पडलेला मी दाखवला, सगळे पोट धरून हसले. एक जण मात्र पॉवर हाऊसच्या फोटोवर अडून राहिला. बोटांनी फोटो मोठा केला, लहान केला.

"इथं राख कुठी टाकते थे लोकं?"

"राख होतच नाही. पाण्यावर चालतं ते."

तो गप्प झाला. कपातल्या चहाकडे बघत त्यानं बराच विचार केला.

"मंग सकाळी दारात झाडते काय?"

"बर्फ," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली, फोन परत दिला, आणि चहाचे पैसे त्यानंच दिले.