धूर आहे का?

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. पहाटेचे पावणेपाच वाजले होते. अमरावतीत आमच्या अंगणात मी मॅटाडोरला हीटर देऊन पंचवीसपर्यंत आकडे मोजले आणि सेल्फ मारला. इंजिन झपाझप फिरलं, पण गाडी लागली नाही. मागे संत्र्याची दोनशे कलमं भरलेली होती. डॉ. पंजाबराव देशमुखांच्या जयंतीला, म्हणजे २७ डिसेंबरच्या सुमारास, अकोल्याच्या कृषी विद्यापीठात प्रदर्शन भरतं. तिथला आमचा स्टॉल नऊच्या आत लावायचा होता.

गाडी १९८९ची, बजाज टेम्पोच्या आकुर्डीच्या कारखान्यातली. इंजिन मर्सिडीजच्या आराखड्यावर बांधलेलं, चार सिलिंडरचं. बाबांनी ती घेतली तेव्हा मी पहिलीत होते. शेंदूरजनाघाटहून जंभेरीवर डोळा भरलेली कलमं आणायची आणि वऱ्हाडात गावोगाव पोचवायची, हे काम त्यांनी हिच्याच भरवशावर तीस वर्षं केलं. पत्रा दोनदा बदलला, इंजिन एकदा खोललं. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून गाडी मी चालवते.

त्याआधीचे तीन आठवडे दर सकाळी हेच चाललं होतं. दुपारी एका हिसक्यात लागणारी गाडी सकाळी दहा-दहा मिनिटं रडवायची. थंडीत त्रास होतो म्हणजे दोष बॅटरीचा, असं धरून मी नवी बॅटरी टाकली. फरक पडला नाही, म्हणून चारही हीटर प्लग बदलून घेतले. दोन्ही वेळा बाबांनी खाटेवरूनच एक प्रश्न विचारला होता, "धूर निघते का?" मी घाईत होते. "पाहते" म्हणाले आणि पाहिलं नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं. पैसे गेले हे त्यात कमी, तीस वर्षं त्या गाडीखाली झोपलेल्या माणसाचा प्रश्न मी ऐकून सोडून दिला हे जास्त.

त्या पहाटे पाचव्या की सहाव्या खेपेला गाडी लागली. बडनेरा मागे पडलं. बाबा ज्याला अजून 'सहा नंबर' म्हणतात तो हा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग ५३ आहे. जून २०२२ मध्ये लोणी ते माना हा याच रस्त्याचा पंचाहत्तर किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून विश्वविक्रम झाला होता. त्या गुळगुळीत डांबरावर आमची गाडी पन्नासच्या वेगाने सुरेख चालली. मूर्तिजापूरला चहासाठी थांबले ते मात्र चुकलं. ढाबा उंचावर होता, गाडी तोंड वर करून उभी राहिली. अर्ध्या तासाने सेल्फ मारला, तर पुन्हा तेच.

भोवती चार माणसं जमली. वऱ्हाडात गाडी बंद पडली की माणूस एकटा राहत नाही, हे मला मनापासून आवडतं. एक जण म्हणाला, "धक्का मारू." दुसऱ्याने पेट्रोलमध्ये भिजवलेलं फडकं हवेच्या फिल्टरपाशी धरायचा उपाय सांगितला. मी बाबांना फोन लावला.

"सेल्फ मार, आन् फोन सायलेन्सरपाशी धर," ते म्हणाले. कामावरच्या मुलाने फोन धरला, मी किल्ली फिरवली.

"फिरून त मस्त राह्यली. धूर आहे का?"

"नाही."

"पांढरा, काळा, काहीच नाही?"

"काहीच नाही, बाबा."

"मंग डिझेलच पोचून नाही राह्यलं माय. हीटर काय करीन, जळाले काही पाह्यजे ना! टाकीत किती आहे?"

"काटा पावच्या खाली आहे."

क्षणभर थांबून ते म्हणाले, "मिस्त्री पाय. तो आला की फोन त्याले दे. आन् तोवर सेल्फ नोको मारू, जाळून बसशीन."

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. ऑग्सबुर्गला १८९७ मध्ये रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनाची यशस्वी चाचणी झाली, तेव्हापासून त्याचं मर्म एकच आहे. हवा इतकी दाबायची की ती दाबानेच तापेल आणि मग तिच्यात इंधनाचा बारीक फवारा सोडायचा. आमच्या इंजिनात हवा जवळपास एकविसाव्या हिश्शात दाबली जाते. हीटर प्लग थंड इंजिनाला तेवढी सुरुवातीची ऊब देतो. म्हणून धूर सगळं सांगतो. सेल्फ मारताना पांढरा धूर आला, तर डिझेल आत जातंय पण पेटत नाही. मग हीटर पाहा, कॉम्प्रेशन पाहा. धूरच नसेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत आलेलंच नाही आणि हीटर बदलून काही होणार नाही. इतकी साधी वाटणी तीन आठवडे माझ्यासमोर होती.

मिस्त्री स्टेशनच्या बाजूने आले. या मूर्तिजापूर स्टेशनातून सुटणारी शकुंतला ही आगगाडी १९९४च्या एप्रिलपर्यंत वाफेवर धावत होती, मग तिला डिझेल इंजिन लागलं आणि आता तीही थांबली आहे. मिस्त्री साठीचे असावेत. त्यांनी बॉनेटला हात लावायच्या आधी मला विचारलं, "ताई, धूर कोणता मारते?"

"धूर नाही, काका."

"बरं झालं पायलं तुमी." धक्का मारायला सरसावलेल्यांना ते म्हणाले, "सेल्फ फिरते त धक्का कायले? धक्का सेल्फचंच काम करते." पेट्रोलच्या फडक्याला त्यांनी साफ नकार दिला. पेट्रोल वेळेआधी भडकतं, तापलेल्या हीटरजवळ तर हमखास, आणि त्यात रिंगा तुटतात, माणूसही भाजतो.

त्यांनी एका नोझलचा नट सतराच्या पान्याने दीड आटा सैल केला आणि सगळ्यांना मागे सारलं. तिथून उडणारी धार हवेच्या दाबाच्या शंभरपट जोराने येऊ शकते आणि कातडीतून आत शिरते. मी सेल्फ मारला. नटापाशी नुसता ओलावा आला, धार नाही. मग फिल्टरवरचा एअरचा स्क्रू ढिला करून ते फीड पंपाचा हातपंप मारू लागले. स्क्रूतून फेस आला. साबणाच्या पाण्यासारखा, पांढुरका. दहा, वीस, चाळीस वेळा मारला तरी फेसच. टाकी रिकामी झाल्यावर हवा धरते तेव्हा थोड्या वेळात स्वच्छ डिझेल येतं. इथे हवा संपतच नव्हती.

"कुठून तरी घेऊन राह्यली," मिस्त्री म्हणाले.

पुढे त्यांनी जे केलं ते मी आधी कधीच पाहिलं नव्हतं. टाकीकडून फीड पंपाला येणारा पाइप सोडवला. पाण्याच्या बाटलीत लिटरभर डिझेल घेतलं, बाटली बॉनेटच्या दांडीला उंच बांधली आणि दुसऱ्या नळीने थेट पंपाला जोडली, दवाखान्यात सलाईन लावतात तशी. हातपंप मारला. थोडा फेस, मग स्वच्छ, सोनेरी डिझेल. स्क्रू आवळला, नोझलचा नट आवळला. "हाना सेल्फ."

दुसऱ्या फेऱ्याला मागून पांढऱ्या धुराचा भपकारा आला आणि गाडी लागली. त्या खडखडाटाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी लपवत नाही.

म्हणजे पंप ठीक, फिल्टर ठीक, नोझल ठीक. दोष टाकी आणि फीड पंप यांच्या मधल्या चार-पाच फुटांत. मिस्त्री गाडीखाली गेले आणि पाइप काढून घेऊन आले. तो मूळचा नव्हताच. तीन वर्षांपूर्वी एका गॅरेजात टाकीचं काम झालं, तेव्हा तिथे प्लास्टिकचा पाण्याचा पाइप बसवला होता. डिझेलने त्यातला मऊपणा खाऊन टाकला होता. क्लिपपाशी तो काडीसारखा कडक झाला होता.

"पण गळत तर नव्हता," मी म्हटलं.

"इथं डिझेल बाहेर नाही येत ताई, हवा आत जाते. पंप वढून राह्यला ना. बाहेर आलं असतं त तुमाले अंगणात डाग दिसला असता."

सगळं त्या एका वाक्यात उलगडलं. रात्रीच्या गारठ्यात पाइप आकसायचा, क्लिपपाशी फट पडायची आणि नळीतलं डिझेल हळूहळू टाकीत परत जायचं. दुपारी ऊन लागलं की तोच पाइप सैल होऊन फट मिटायची. टाकी भरलेली असताना डिझेल वर ओढायला कमी जोर लागायचा, म्हणून तेव्हा त्रास कमी. मी तर त्या आठवड्यात प्रदर्शनाच्या खर्चापायी पावच टाकीवर फिरत होते, आणि ढाब्यावर गाडीचं तोंड वर होतं.

मूर्तिजापुरात डिझेलला चालणारा रबरी पाइप मिळाला. मिस्त्रींनी दोन्ही टोकांना नव्या क्लिपा लावल्या. फोनवर बाबांशी त्यांचं माझ्यापेक्षा जास्त बोलणं झालं. कुरणखेडचा काटेपूर्णेचा पूल ओलांडला तेव्हा साडेदहा व्हायला आले होते. स्टॉल उशिरा लागला, कलमं मात्र टवटवीत होती.

तिसऱ्या दिवशी रात्री घरी आले आणि जुना पाइप बाबांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, टोकापाशी पाइप वाकवला. चीर उघडली. सरळ केला, ती दिसेनाशी झाली. त्यांनी चार-पाच वेळा तसंच केलं.

"परतीचा पाइप पायला का? नोझलवरून टाकीत जाते तो?"

"नाही पाहिला."

"सकाळी पाहू. इंजिन थंडं आहे तोवर."

पाच वाजता ते स्वेटर घालून, भिंत धरत धरत अंगणात आले आणि सायलेन्सरच्या मागे उभे राहिले. मी हीटर दिला, सेल्फ मारला. एकच पांढरा भपकारा, मग इंजिन लागलं. बाबांनी हात वर केला, गाडी बंद करायला सांगितली आणि टॉर्च मागितली.