अचाटपणालाही तर्क हवा

मिरजगाव, रविवार रात्र

बोलक्या कंदिलाचा एक गेम आज अर्ध्यातच सोडला. मन खट्टू झालंय. दोघा-तिघांनी जीव ओतून हाताने रंगवलेला खेळ. सुरुवातीला डोळे निवले. मग एक कुलूप आलं. किल्लीसाठी माशाला छत्री द्यायची होती. का, याचा कुठेच मागमूस नाही. मग दिसेल ती वस्तू दिसेल तिथे लावून पाहायची, एवढंच उरलं.

कोडं सुटल्यावर ‘अरे, हे आधी कसं सुचलं नाही!’ असं वाटायला हवं, हे गेम-रचनाकार रॉन गिल्बर्टने १९८९ सालीच लिहून ठेवलंय. १९९०च्या त्याच्या ‘मंकी आयलंड’ या गेममध्ये मधोमध कप्पी बसवलेली रबरी कोंबडी आहे. अचाटच! पण एका बेटापर्यंत ताणलेली तार दिसते आणि कप्पीचं काम उमगतं.

२०२० साली पुण्याच्या नॉडिंग हेड्स या स्टुडिओचा ‘राजी’ हा गेम आला, तेव्हापासून छोट्या चमूंकडून माझ्या फार अपेक्षा आहेत. म्हणूनच आज इतकी हळहळ वाटते. कल्पना कितीही वेडी असो, खेळणाऱ्याच्या बुद्धीचा मान राखलाच पाहिजे.