अर्धी पदवी

गेल्या नाताळात बऱ्याच वर्षांनी आमचे वसईस जाणे झाले. मध्यरात्रीचा मिस्साविधी आटोपून मंडळी चर्चच्या आवारात एकमेकांस शुभेच्छा देत उभी होती. इतक्यात आमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा जवळ आला. यंदा बारावीस आहे. इकडचे तिकडचे चार शब्द झाल्यावर त्याने मनातले विचारले, "मामा, तुमची ती अमेरिकेतली डिग्री दोनच वर्षांची ना? म्हणजे अर्धीच की!" त्याची आई ओशाळली. "अरे, मामांशी असं बोलतात का?" म्हणून तिने त्यास दटावले. आम्हांस मात्र राग आला नाही. ही दोन वर्षांची पदवी मिळवण्यास आम्हांस तब्बल पाच वर्षे लागली होती, हे त्यास ठाऊक नव्हते. शिवाय त्याचा प्रश्न मुळात रास्तच होता.

अमेरिकेत या पदवीला 'असोसिएट डिग्री' म्हणतात. साधारण साठ क्रेडिटचा हा अभ्यासक्रम बहुधा 'कम्युनिटी कॉलेज' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्थानिक महाविद्यालयांतून शिकवला जातो. एका विषयास तीन किंवा चार क्रेडिट, म्हणजे वीस-एक विषय झाले. विद्यापीठाच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमाचे दोन तुकडे करून पहिला तुकडा गावाजवळ, थोड्या खर्चात शिकवावा, ही कल्पना तिकडे शंभराहून अधिक वर्षे जुनी आहे. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे 1901 साली असे पहिले सार्वजनिक महाविद्यालय निघाले. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा प्रश्न उभा राहिला आणि 1947 साली राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने अशी महाविद्यालये गावोगाव काढण्याची शिफारस केली. आमच्या वर्गातही इराकहून परतलेला एक तरुण सैनिक होता. एक फिलिपिनो परिचारिका होती, दुकान सांभाळून येणारे एक गुजराती गृहस्थ होते आणि एकोणीस-वीस वर्षांची बरीच मुले होती. वयाने सर्वांत ज्येष्ठ आम्हीच. पहिल्या दिवशी आम्ही वर्गात शिरलो तेव्हा आम्हांसच प्राध्यापक समजून दोन मुले गप्प झाली होती.

आम्ही तेथे कसे पोहोचलो, हेही सांगितले पाहिजे. आम्ही 1978 साली वाणिज्य शाखेतून बारावी झालो आणि त्याच जूनमध्ये वडील गेले. कॉलेजचा अर्ज तसाच राहिला. बॅलार्ड पियरजवळ जहाजांच्या एका एजंटाच्या कचेरीत आम्ही टंकलेखक म्हणून लागलो आणि विरार लोकलमध्ये तेवीस वर्षे काढली. मोठ्या ताईने 1989 साली अमेरिकेतून आमच्यासाठी भरलेला अर्ज 2001 साली फळास आला. पत्नी आणि नऊ वर्षांची मुलगी यांना घेऊन आम्ही न्यू जर्सीत उतरलो. तेथील हमरस्त्याच्या आठ-अ या फाट्यापाशी गोदामांचे एक शहरच वसले आहे. त्यांपैकी एका गोदामात आम्हांस रात्रपाळी मिळाली.

गोदामात आमच्या हाती एक यंत्र असे. खोक्यावरील काळ्या रेघांवर त्याचा लाल प्रकाश टाकला की 'टिक' असा आवाज होई आणि खोका कोणत्या रांगेत, कोणत्या फळीवर ठेवायचा, हे पडद्यावर उमटे. लाखभर खोक्यांतून या एवढ्याशा यंत्रास हे नेमके कसे ठाऊक, हा प्रश्न आम्हांस रात्ररात्र छळू लागला. सहकाऱ्यांस विचारले तर ते हसत. अखेर 2004 साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, संगणकशास्त्र शिकण्याचा विचार मनात धरून आम्ही कॉलेजच्या पायऱ्या चढलो.

प्रवेशासाठी गुणांची अट नव्हती. इंग्रजी आणि गणित यांची एक चाचणी तेवढी द्यावी लागली. इंग्रजीत निभावले. गणितात मात्र आम्ही प्राथमिक बीजगणिताच्या वर्गात जाऊन पडलो. या वर्गाचे शुल्क भरावे लागते, परीक्षा द्यावी लागते, परंतु त्याचे क्रेडिट पदवीत धरत नाहीत. त्या हिवाळ्यात आमच्या जेवणाच्या टेबलावर बारा वर्षांची मुलगी आणि चव्वेचाळीस वर्षांचा बाप समोरासमोर बसून जवळपास एकच धडा गिरवत असत. उत्तर आधी तिचे येई. शुल्काचा बराचसा भार 'पेल ग्रँट' या सरकारी साहाय्याने उचलला, अन्यथा हे घडलेच नसते.

आता खरी गोष्ट. असोसिएट पदवीचे प्रकार आहेत. 'ए.ए.' आणि 'ए.एस.' या पदव्या पुढे विद्यापीठात जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी. 'ए.ए.एस.' म्हणजे उपयोजित पदवी, ती लगेच नोकरी धरणाऱ्यांसाठी. संगणकशास्त्राच्या ए.एस.मध्ये कॅल्क्युलस आणि भौतिकशास्त्र असते. संगणकाच्या उपयोजित शाखेत त्यांऐवजी व्यावसायिक गणित, कार्यालयीन आज्ञावल्यांचा वापर असे सोपे आणि लगेच कामी येणारे विषय असतात. हे सारे माहितीपत्रकात छापलेले होते. आम्ही ते वाचलेही होते. परंतु मार्गदर्शन कक्षातील व्यक्तीने आमचे वय, आमची रात्रपाळी आणि चाचणीतील आमचे गणित पाहून सांगितले, "तुम्हाला हे सोपे पडेल. पुढे वाटल्यास बदलता येईलच." कॅल्क्युलसच्या नावाने आम्ही आधीच धास्तावलो होतो. आम्ही उपयोजित शाखेच्या कागदावर सही केली. त्या व्यक्तीने खोटे सांगितले, असे आम्ही म्हणणार नाही. बदलता येते हे खरेच होते. बदलताना काय गमवावे लागते, तेवढे सांगायचे राहिले.

हे उघड झाले 2006 च्या वसंतसत्रात. आम्हांस जावा ही संगणकीय भाषा शिकवणारे गृहस्थ दिवसा एका कंपनीत आज्ञावल्या लिहीत आणि संध्याकाळी शिकवीत. एके रात्री वर्ग सुटल्यावर त्यांनी सहज विचारले, "पुढे कोणत्या विद्यापीठात जाणार?" आम्ही विषयांची यादी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती दोनदा वाचली. मग यादीतील चार विषयांवर पेन्सिलने हलक्या रेघा मारून म्हणाले, "हे चार कोणी घेईल असे वाटत नाही. आणि हे गणित तर नाहीच." बारा क्रेडिट. दीड वर्षांच्या संध्याकाळी. पदवीच्या नावात एक अक्षर जास्त होते आणि पुढची वाट तेवढ्यानेच बंद होत होती.

घरी येऊन आम्ही हिशेब मांडला. याच शाखेत राहिलो असतो तर वर्षभरात पदवी हाती आली असती. ए.एस.कडे वळायचे तर कॅल्क्युलसपर्यंतचे सारे गणित, भौतिकशास्त्र आणि आणखी तीन वर्षे. त्याच सुमारास वसईत आईचे मांडीचे हाड मोडले होते आणि दरमहा पैसे पाठवावे लागत होते. आम्ही मनाशी ठरवून टाकले की जे आहे तेच पुरे. पत्नीने मात्र ऐकून घेतले नाही. ती रुग्णसेविकेचे काम करून थकून आली होती. पायांतील बूटही काढले नव्हते. ती म्हणाली, "अहो, अठ्ठावीस वर्षं थांबलात. आणखी तीन वर्षांनी काय बिघडतंय?" दुसऱ्या दिवशी आम्ही शाखा बदलली.

पुढचे सारे सुरळीत झाले, असे सांगण्यास आम्हांस आवडले असते. पहिल्या कॅल्क्युलसमध्ये आम्हांस 'डी' मिळाला. 'सी'च्या खालचा विषय विद्यापीठे सहसा धरत नाहीत, म्हणून तोच विषय पुन्हा घेतला. फोनवर आई विचारी, "परीक्षा झाली का रे?" आम्ही "झाली" एवढेच सांगत असू. ती शेजारणींस अभिमानाने सांगे, "माझा मुलगा कॉलेजात आहे." सत्तेचाळीस वर्षांच्या मुलाविषयी असे सांगणारी आमच्या आळीत ती एकटीच असावी.

आई 2008 च्या फेब्रुवारीत गेली. अंत्यविधीस आम्ही पोहोचलो. दोन आठवड्यांनी परतलो तेव्हा खिशात तिची जपमाळ होती, मणी बोटांनी झिजून गुळगुळीत झालेले. इकडे वर्गात माहितीच्या रचनांचा विषय बराच पुढे गेला होता. त्यात 'लिंक्ड लिस्ट' नावाची एक साखळी असते. तिच्यातील प्रत्येक दुव्यास आपली माहिती आणि केवळ आपल्या पुढच्याचा पत्ता ठाऊक असतो. पाचव्यापर्यंत जायचे तर पहिल्यापासूनच निघावे लागते. शेवटच्या दुव्यापुढे काही नसते, त्यावरून साखळी संपली असे समजायचे. प्राध्यापकांनी घरी सोडवण्यास प्रश्न दिला होता: शेवटच्या दुव्याने चुकून मधल्याच एखाद्याचा पत्ता धरला तर साखळीत वेटोळे पडेल आणि आज्ञावली जन्मभर फिरत राहील. हे वेटोळे कसे ओळखाल? आणि भेटलेल्या प्रत्येक दुव्याची नोंद ठेवायची नाही, कारण संगणकाच्या स्मृतीत तेवढी जागा नाही.

तीन रात्री उत्तर सुचले नाही. चौथ्या रात्री गोदामात मधल्या सुट्टीत खोक्यावर बसून आम्ही जपमाळ हातात घेतली. ती प्रार्थनेसाठीच घेतली होती, हेही सांगतो. क्रुसापासून निघालो: एक मोठा मणी, तीन लहान, पुन्हा एक मोठा, मग पदक आणि त्यापुढे दहा-दहा मण्यांचे ते मोठे वेटोळे. पदकापाशी पुन्हा आलो आणि थबकलो. प्राध्यापकांची साखळीच आमच्या हातात होती. आधी एक सरळ शेपटी आणि पुढे न संपणारे वर्तुळ. आम्ही दोन्ही हातांची बोटे क्रुसावर ठेवली. एक बोट एकेक मणी पुढे सरकवीत गेलो, दुसरे दोन-दोन मणी. माळ सरळ असती तर पुढचे बोट टोकास पोहोचून थांबले असते. परंतु वर्तुळात शिरल्यावर ते पुढे पळता पळता मागच्यास मागून गाठू लागले. प्रत्येक पावलास अंतर एका मण्याने घटत होते, म्हणजे गाठ पडणे अटळच. ही युक्ती रॉबर्ट फ्लॉइड या संगणकशास्त्रज्ञाच्या नावाने प्रसिद्ध आहे आणि ससा-कासवाची युक्ती म्हणून ती सर्वत्र शिकवली जाते, हे आम्हांस पुढच्या आठवड्यात वर्गात कळले. नवे काही आम्ही शोधले नव्हते. तरी त्या रात्री खोक्यावर बसून आम्ही बराच वेळ रडलो. ते आईसाठी की उत्तर सापडल्यामुळे, हे आजही सांगता येणार नाही.

आम्हांस 2009 च्या मे महिन्यात पदवी मिळाली. काळा झगा, चौकोनी टोपी, वय एकोणपन्नास. घराण्यातील ती पहिली पदवी. ते मंदीचे वर्ष होते, लोकांच्या असलेल्या नोकऱ्या जात होत्या. वर्षभराने आमच्याच गोदामाच्या संगणक विभागात जागा झाली आणि आम्ही तेथे लागलो. हातातील ती 'टिक' करणारी यंत्रे बिघडली की दुरुस्त करणाऱ्यांत आमची गणना होऊ लागली. मधल्या काळात, 2007 साली, न्यू जर्सीने कायदा केला होता की सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजची ए.ए. किंवा ए.एस. पदवी घेतलेल्यांचे क्रेडिट राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांनी पुढील पदवीत पूर्ण धरावेत. ए.ए.एस. त्यात नाही. आम्हांस तिसऱ्या वर्षात प्रवेशही मिळाला होता. परंतु मुलीचे कॉलेज एका वर्षावर आले होते आणि घरात पैसे एकाच्याच शिक्षणापुरते होते. आम्ही गेलो नाही. मुलीने तेच कम्युनिटी कॉलेज धरले, 2012 साली ए.एस. केले, रटगर्स विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षात गेली आणि 2014 साली पदवीधर झाली. अर्ज भरताना तिने सर्वांत आधी पदवीचे नाव अक्षर अक्षर तपासले होते.

भाच्यास आम्ही हे सारे सांगितले, कारण त्याच्या प्रश्नामागे दुसरा प्रश्न होता. त्यास स्वतःस तिकडे जायचे आहे. म्हणून हेही सांगितले की आमची वाट त्याची होणार नाही. आम्ही कायम वास्तव्याचा परवाना घेऊन गेलो, म्हणून शुल्क स्थानिकांचे लागले आणि सरकारी साहाय्य मिळाले. विद्यार्थी म्हणून जाणाऱ्यास ते साहाय्य नाही, शुल्कही अधिक. असोसिएट पदवीनंतर अनुभवासाठी वर्षभर काम करता येते, परंतु विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांस पुढे जी दोन वर्षांची मुदतवाढ मिळते, तीस किमान चार वर्षांची पदवी लागते. नोकरीच्या एच-वन-बी परवान्याचीही गोष्ट तीच. दोन वर्षांवर थांबायचे असेल तर आपल्याकडेही 2020 च्या शैक्षणिक धोरणाने तेवढ्या अभ्यासावर पदविका देण्याची सोय केली आहे. त्यासाठी कर्ज काढून समुद्र ओलांडू नये, असे आम्ही स्पष्टच बोललो. बहिणीचा चेहरा उजळला, त्याचा उतरला.

"आणि मामा, आता तर मशीनच प्रोग्राम लिहून देतं," तो जरा घुश्शात म्हणाला. "मग तुम्ही पाच वर्षं शिकलात ते काय?"

खिशात जपमाळ होतीच. आम्ही ती त्याच्या हातात दिली आणि कोडे सांगितले. चर्चच्या दिव्याखाली तो पायरीवर बसला. प्रथम एकाच बोटाने दोनदा सबंध माळ फिरला. मग थांबला, थोडा वेळ क्रुसाकडे पाहत राहिला आणि दुसऱ्या हाताचे बोटही त्याने तेथे आणून ठेवले.