सायकल मिळाली, पण पंक्चर कोण काढणार?

परवा वडिलांची जुनी सायकल घेऊन पाटोद्यात चाचांच्या दुकानात गेलो. दुकान म्हणजे काय, पत्र्याचं शेड, पाण्याचं घमेलं, हवेचा पंप आणि दोरीला टांगलेले टायर. पाटीवर ॲटलास हे नाव अजून पुसट दिसतं. त्या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमका जागतिक सायकल दिनालाच बंद पडला. चाचांची पाटी मात्र तशीच आहे.

आमच्या लहानपणी इथं तासाला एक रुपया भाड्यानं सायकल मिळायची. चाचा वहीत आपलं नाव, बापाचं नाव आणि वेळ लिहून घ्यायचे. सीटवर बसून पाय पुरायचे नाहीत, म्हणून नळीखालून पाय घालून चालवायचो. उशीर झाला की चाचा ओरडायचे, पण घरी तक्रार कधी नेली नाही. पुढं घरोघरी मोटारसायकली आल्या. आता चाचांचं पोट त्यांच्याच पंक्चरवर चालतं.

मी बसलो होतो तेवढ्यात नववीतली एक पोरगी सायकल ढकलत आली. मानव विकासच्या योजनेतली सायकल. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना ही मिळते. आधी ३,५०० रुपये मिळायचे, २०२२ पासून ५,००० झाले. टायर फाटलेला, ब्रेकचे रबर पार झिजलेले. आपल्याकडं बालाघाटाचा चढउतार, रबर टिकतंय कुठं? आई-बाप ऊसतोडीला गेलेले, घरी फक्त आजी. पंधरा दिवस झाले, पोरगी शाळेत कधी जाते, कधी नाही.

चाचांनी जुन्यातला एक बरा टायर शोधला. ट्यूब घमेल्यात बुडवून दोन पंक्चर काढली, रबर बदलले.

"किती झाले चाचा?"

"आई आली की दे. जा, शाळा बुडवू नको."

पोरगी गेली. चाचांनी वही काढून नाव लिहिलं. मी पाहिलं, अशी वीसेक नावं होती. सगळ्या पोरीच. मी खिशात हात घातला तर म्हणाले, "राहू दे रे बाळा. तू आज देशील, उद्या कोण देईल?"

मित्रांनो, हाच खरा प्रश्न आहे. सरकारनं सायकल दिली, चांगलंच केलं. पण टायर, ट्यूब आणि रबराचा खर्च कुणी धरलाच नाही. तो भार सत्तरीतला एक म्हातारा उधारीवर ओढतोय. त्यांचा पोरगा पुण्याला कंपनीत लागलाय. चाचांनंतर या दुकानात कोण बसणार?

येत्या शनिवारी चाचांना आमच्या गावच्या शाळेत घेऊन जातोय. सामान आम्ही दोघं-तिघं मित्र आणणार, चाचांची मजुरी रोख देणार. हे काम दर तीन महिन्याला ग्रामपंचायतीनं अंगावर घ्यावं, अशी मागणीही करणार आहोत.

तुमच्याही गावच्या शाळेत जा. किती सायकली पंक्चर होऊन भिंतीला टेकल्यात, तेवढं एकदा मोजा. आणि त्यातल्या किती पोरी शाळेत येतात, तेही विचारा.